यंत्राचा कान कुणाच्या ताब्यात?

रोजच्या जगण्यातले आवाज ओळखायला संगणकाला शिकवायचं, तर आधी ते आवाज त्याला ऐकवावे लागतात. त्यासाठी जगभरातले संशोधक आणि विद्यार्थी ईएससी-५० नावाचा एक छोटा संग्रह वापरतात. पोलंडमधल्या एका संशोधकाने तो २०१५ साली खुला केला. पाच-पाच सेकंदांचे २००० तुकडे, ५० प्रकार, प्रत्येक प्रकाराचे ४० नमुने. त्यात कुत्रा आहे, कोंबडा आहे, पाऊस आहे, रडणारं बाळ आहे, शिंक आणि घोरणंही आहे. चर्चची घंटा आहे, व्हॅक्यूम क्लीनर आहे, झाडं कापायची यांत्रिक करवत आहे, पेयाचा डबा उघडताना होणारा आवाज आहे. कुकरची शिट्टी नाही. मिक्सर नाही, देवळातली घंटा नाही, अजान नाही, टाकीत पाणी चढवणारी मोटर नाही.

संग्रह करणाऱ्याला दोष द्यावा असं यात काही नाही. हाताशी जे ध्वनिमुद्रण होतं आणि स्वतःच्या आसपास जे ऐकू येत होतं, त्यातून त्याने यादी केली. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी शहरी आवाजांचा असाच एक संग्रह केला होता, अर्बनसाउंड-८के. आवाजाबद्दल न्यूयॉर्ककर महापालिकेकडे ज्या तक्रारी नोंदवतात, त्या पाहून त्यांनी बहुतेक प्रकार ठरवले: एसी, ड्रिलिंग, रस्ता फोडायचं यंत्र, सायरन, कुत्र्याचं भुंकणं असे एकूण दहा. त्या दहांत बंदुकीची गोळी आहे. मोटारीचा हॉर्नही आहे, पण ८७३२ तुकड्यांपैकी त्याच्या वाट्याला फक्त ४२९ आले. एसी आणि ड्रिलिंग प्रत्येकी १०००. पुण्यातल्या स्वारगेटला किंवा मुंबईतल्या सायनला उभं राहून कुणी असा संग्रह करायला घेतला, तर हॉर्न नसलेला तुकडा शोधताना त्याची दमछाक होईल. आपल्याकडचा हॉर्न 'बाजूला हो' सांगतो, 'मी वळतोय' सांगतो, 'सिग्नल सुटला, झोपलास का' असंही सांगतो. त्यात रिव्हर्स घेताना गाणं वाजवणाऱ्या गाड्या वेगळ्याच.

आता हे संग्रह प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाहीत. २०१७ मध्ये गूगलने ऑडिओसेट नावाचा प्रचंड साठा जाहीर केला. यूट्यूबवरच्या चित्रफितींमधले दहा-दहा सेकंदांचे वीस लाखांहून जास्त तुकडे आणि ६३२ प्रकारांची वंशावळ. २०२० मध्ये आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्ही फोनांवर आवाज ओळखून सूचना देणारी सोय आली. बाळ रडलं, दार वाजलं, कुत्रा भुंकला, नळ वाहतोय, सायरन वाजतोय, असं फोन थरथरून सांगू लागला. म्हणजे आपल्या खिशात आता एक कान आहे. तो कुणासाठी ऐकणार आणि ऐकलेलं कुठे जाणार, हा प्रश्न फक्त तंत्रज्ञांचा उरलेला नाही. माझं मत सरळ आहे. ज्याला ऐकू येत नाही किंवा कमी येतं, त्याच्या हातात हा कान द्यावा आणि त्यासाठी सरकारने पैसा खर्च करावा. रस्त्यावर, चौकात, वस्तीवर लावायला तो पोलिसांच्या हाती मात्र देऊ नये.

आधी हे यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. यंत्र आवाजाचं चित्र करतं. आडवी रेघ वेळेची, उभी रेघ स्वराच्या उंचीची आणि जोर जिथे जास्त तिथे रंग गडद. कुकरची शिट्टी या चित्रात एकदम उसळलेल्या जाड पट्ट्यासारखी दिसते, सायरन नागमोडी रेघेसारखा. अशी हजारो चित्रं पाहून यंत्र ठसे लक्षात ठेवतं आणि नवं चित्र समोर आलं की प्रत्येक प्रकाराला गुण देतं: सायरन ०.७, शिट्टी ०.२, बाकी किरकोळ. पक्कं 'हो' ते कधीच म्हणत नाही. किती गुणांच्या वर सूचना द्यायची हे माणूस ठरवतो. सूचनेची ही रेघ खाली ठेवली तर फोन उगाचच थरथरत राहतो, वर ठेवली तर बाळ रडत असूनही गप्प बसतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या कामाला मोठा संगणक लागत नाही. यॅमनेट नावाचं एक खुलं प्रारूप, म्हणजे आधीच शिकवून तयार ठेवलेलं सॉफ्टवेअर, ५२१ प्रकारचे आवाज ओळखतं आणि त्याचा सगळा संसार सुमारे ३७ लाख आकड्यांत मावतो. सेकंदापेक्षाही थोडा लहान तुकडा घ्यायचा, ओळखायचा, सोडून द्यायचा. साधा फोन हे करू शकतो, इंटरनेटशिवाय करू शकतो. 'ओळखण्यासाठी तुमचा आवाज आमच्या सर्व्हरवर पाठवावा लागतो' असं कुणी सांगितलं, तर ती त्याची गरज असेल, तंत्राची नव्हे.

२०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेल्या भारतीयांची संख्या ५० लाखांच्या वर नोंदली गेली. म्हातारपणी हळूहळू कमी ऐकू येऊ लागलेले आजी-आजोबा यात बहुतेक नसणारच, कारण 'वयच झालं' म्हणून घरात कुणी ते अपंगत्व मानत नाही. उतारवयात आधी उंच स्वर जातात. बोललेलं निम्मं कळतं, पण दारावरच्या बेलची चिवचिव, मोबाइलची रिंग, वॉशिंग मशीनची टीटी ऐकू येत नाही. घरच्यांना वाटतं, मुद्दाम लक्ष देत नाहीत.

माझ्या ओळखीत एक जोडपं आहे, दोघंही जन्मापासून कर्णबधिर. त्यांच्या दारावरच्या बेलला हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात दिवे जोडलेले आहेत, बटण दाबलं की ते लुकलुकतात. गल्लीतल्या वायरमनने करून दिलेली ही सोय वर्षानुवर्षं बिनतक्रार चालू आहे. मध्यंतरी त्यांच्या मुलीने फोनवर आवाज ओळखण्याची सोय चालू करून दिली. नळाला पाणी आल्याचं त्याने लगेच ओळखलं, आणि पहाटे पाणी येणाऱ्या घरात ही काही लहान गोष्ट नाही. कुत्र्याचं ओळखलं. कुकरपाशी मात्र सगळं अडलं. एक तर यादीत कुकर नव्हता. मुलीने स्वतः शिट्टी ऐकवून ती फोनला शिकवली, तर वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टीही डक्टमधून येत होती. काकू फोन थरथरला की उठून ओट्याशी यायच्या आणि त्यांचा कुकर शांत असायचा. शिवाय एक शिट्टी कळून त्यांना उपयोग नव्हता. भाताला दोन, तूरडाळीला तीन-चार, छोल्यांना आणखी. फोनने पहिली शिट्टी सांगितली आणि मग थोडा वेळ तो गप्प, कारण तीच सूचना पुन्हा पुन्हा दिली तर माणूस वैतागेल असं ती सोय घडवणाऱ्याला वाटलं असावं. काकू अजूनही शिट्टीचं वजन उचललं जाताना पाहूनच मोजतात. त्या तेवढ्या वेळात ओट्यापासून हलत नाहीत.

या एका स्वयंपाकघरात मला अख्खा प्रश्न दिसतो. ही सोय घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे घर होतं, तिथे छताला धूर ओळखणारा अलार्म असतो, भिंती जाड असतात, शेजारच्या घरातलं काही ऐकू येत नाही आणि आवाज म्हणजे एकदाच घडणारी घटना असते. आपल्या बहुसंख्य घरांत धुराचा अलार्मच नाही, त्यामुळे यादीतली सगळ्यात महत्त्वाची मानलेली सूचना आपल्या कामाची नाही. आपल्याला कुकर मोजून हवा आहे. टाकी भरून वाहू लागल्याचा आवाज हवा आहे. घंटागाडीचं गाणं हवं आहे, कारण ती दोन मिनिटं थांबते आणि निघून जाते. जिन्यातून आलेली 'वहिनी, कचरा' ही हाक हवी आहे. पंखा पूर्ण वेगात चालू असताना, बाहेर रस्ता वाहत असताना, शेजारी मालिका मोठ्याने लागलेली असताना हे सगळं ओळखता यायला हवं. आयफोनमध्ये २०२२ पासून घरची बेल आणि उपकरणं स्वतः शिकवता येतात, हे चांगलंच. पण एकेका माणसाने आपापलं घर एकट्याने फोनला शिकवत बसावं, ही अपेक्षा आणि तीही ज्याला तो आवाज ऐकूच येत नाही त्याच्याकडून, मला अन्यायाची वाटते. फोनला शिकवलेला नमुना बरोबर आहे की नाही, हे काकू तपासणार कशा?

म्हणून हे काम सार्वजनिक पैशातून व्हायला हवं. केंद्र सरकारच्या भाषिणी प्रकल्पात 'भाषादान' चालतं. लोक आपल्या भाषेत वाक्यं वाचून देतात, ऐकून लिहून देतात, त्यातून भारतीय भाषांसाठी बोलणं ओळखणारी यंत्रणा घडते. मराठी वाक्यं गोळा करायला सरकारकडे योजना असेल, तर मराठी घरातले आवाज गोळा करायला का असू नये? वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून उभी आहे. राज्यात कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत, पालकांचे गट आहेत. कुठले आवाज हवेत याची यादी अभियंत्यांनी करू नये, ती या शाळांमधल्या मुलांच्या आयांनी आणि मोठ्या झालेल्या कर्णबधिर माणसांनी करावी. चाळीतला, बंगल्यातला, पत्र्याच्या घरातला, कोकणातल्या पावसाळ्यातला कुकर वेगवेगळा वाजतो. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना शिट्टी ओळखणारं यंत्र हवं असेल, तर तसंच घर गाठून तिथे माइक ठेवावा लागेल. ठेवताना घरातल्यांची रीतसर संमती घ्यावी लागेल, बोलणं वगळावं लागेल, आणि तयार झालेला संग्रह सगळ्यांसाठी खुला ठेवावा लागेल. म्हणजे मग एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थीही स्वस्तातलं, भिंतीवर लावायचं, दिवा लुकलुकवणारं यंत्र घडवू शकतील. महागडा फोन ही त्यासाठीची अट असता कामा नये.

यात एक धोका आहे आणि तो लपवू नये. ॲपल स्वतःच वापरणाऱ्याला बजावते की इजा होऊ शकेल अशा किंवा आणीबाणीच्या प्रसंगी या सोयीवर विसंबू नका. हा इशारा योग्य आहे. बेलला जोडलेला दिवा कधी चुकत नाही, कारण तो तारेने जोडलेला आहे. शिकलेलं यंत्र चुकतं. म्हणून ते दिव्याच्या जोडीला यावं, दिव्याच्या जागी येऊ नये. तरीही घरातली चूक ही काकूंनी उठून ओट्यापर्यंत येण्याएवढीच असते. सूचना कुणाला आली? त्यांनाच. शहानिशा कुणी केली? त्यांनीच. कुठल्या सूचना चालू ठेवायच्या आणि कुठल्या बंद, हेही त्याच ठरवतात. चुकीची किंमत आणि यंत्राचा ताबा एकाच माणसाकडे आहे.

हेच यंत्र रस्त्यावरच्या खांबावर चढलं की हिशेब उलटतो. चुकीची किंमत खांबाखालून जाणारा मोजतो, ताबा दुसऱ्याच कुणाकडे असतो.

शिकागोचं उदाहरण सगळ्यात पुरतं तपासलेलं आहे. गोळीबाराचा आवाज ओळखून पोलिसांना कळवणारी शॉटस्पॉटर नावाची यंत्रणा तिथे अनेक वर्षं होती. शहराच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या, शहराच्याच महानिरीक्षकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये अहवाल दिला. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळातल्या ५० हजारांहून जास्त सूचना त्यांनी तपासल्या. बंदुकीशी संबंधित गुन्ह्याचा पुरावा निघाला तो ९.१ टक्के प्रसंगांत. बाकी सगळ्या वेळी आवाज खोटाच होता असं यावरून म्हणता येणार नाही, गोळी झाडून माणूस पळूनही गेला असेल. पण प्रत्येक वेळी पोलीस 'इथे बंदूक आहे' अशा तयारीने त्या गल्लीत शिरले हे खरं. त्याच अहवालातली दुसरी नोंद मला जास्त गंभीर वाटते. या भागात सूचना फार येतात, एवढ्या समजावर काही पोलीस तिथल्या लोकांना थांबवून झडती घेत होते. म्हणजे यंत्राने एका आवाजाबद्दल दिलेला अंदाज पुढे सगळ्या वस्तीबद्दलचं मत झाला. शिकागोने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ही यंत्रणा बंद केली.

फ्रान्समध्ये सेंतेत्येन शहराने २०१९ मध्ये एका वस्तीत 'असामान्य' आवाज टिपणारे मायक्रोफोन लावायचं ठरवलं होतं. किंकाळी, काच फुटणं, असं काही. तिथल्या माहिती-संरक्षण आयोगाने हरकत घेतली आणि तो प्रयोग सुरू होण्याआधीच थांबला. यातला 'असामान्य' कोण ठरवणार? आपल्याकडे वरात निघते, दहीहंडीला शंभर पोरं एकदम ओरडतात, क्रिकेटचा सामना जिंकला की गल्लीत माळ फुटते, विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल वाजतात. न्यूयॉर्कच्या यादीवर शिकलेल्या यंत्राला लक्ष्मीपूजनाची रात्र काय वाटेल? आणि यंत्राने गोंधळून सूचना दिली, तर गाडी कुठल्या वस्तीत आधी जाईल, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

यावर एक उत्तर हमखास येतं: एका जरी बाईची किंकाळी ऐकू आली आणि ती वाचली, तर सगळं सार्थकी लागलं. हे उत्तर मी हलक्यात घेत नाही. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या बाईची भीती खरी आहे. पण तिच्यासाठी करायचं असेल, तर तिच्याच फोनमध्ये ही सोय द्यावी. ती हवं तेव्हा चालू करेल, तिची किंकाळी ओळखून तिचाच फोन ११२ ला आणि घरच्यांना कळवेल. त्यासाठी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाचं बोलणं ऐकू शकणारा माइक बसवायची गरज नाही. किंकाळी ओळखण्यासाठी माइक सतत उघडा ठेवावा लागतो आणि उघड्या माइकला किंकाळी जशी ऐकू येते, तसंच चहाच्या टपरीवरचं बोलणंही ऐकू येतं.

आता आवाजाच्या प्रदूषणाकडे येतो, कारण तिथे माझा विरोध थोडा सैल होतो. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबल मोजणारं यंत्र आवाज किती एवढंच सांगतं, कशाचा ते सांगत नाही. मुंबई वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलला अशी यंत्रं जोडल्याचं २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. कल्पना लोकांना आवडली, पण असल्या मीटरला रुग्णवाहिकेचा सायरन आणि अधीर दुचाकीवाल्याचा हॉर्न सारखाच. इथे आवाज ओळखणारं यंत्र खरोखर कामाला येईल. रात्री साडेअकराला मोजलेले ८० डेसिबल लाउडस्पीकरचे की बांधकामाचे, की नुसत्या पावसाचे, हे कळलं तर तक्रारदाराला पोलीस ठाण्यात हात हलवत परतावं लागणार नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१६ पासून संशोधकांनी शहरभर असे संवेदक लावून हेच करून पाहिलं.

माझी अट एवढीच, की खांबावरच्या पेटीतून फक्त तीन गोष्टी बाहेर पडाव्यात: वेळ, डेसिबल आणि आवाजाचा प्रकार. आवाज स्वतः पेटीतच पुसला जावा. तंत्राला हे जमतं, ते वर सांगितलंच आहे. आणि त्या प्रकारांच्या यादीत माणसाचं बोलणं, ओरडणं, घोषणा हे प्रकार नसावेत. लाउडस्पीकर ओळखा, डीजे ओळखा, ड्रिल ओळखा. मोर्चा ओळखू नका.

कायद्यावर विसंबून ही अट सोडून देता येणार नाही. एखाद्याचा फोन टॅप करायचा, तर गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश लागतो, १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्याची चौकट घालून दिली. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. चौकातल्या उघड्या माइकसाठी मात्र फोन टॅपिंगसारखी आधी परवानगी घ्यायची चौकट नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण त्यातच सरकारी यंत्रणांना अधिसूचना काढून वगळण्याची तरतूद केंद्राकडे आहे. अशा वेळी अट निविदेतच लिहिलेली हवी, कारण एकदा खांबात माइक बसला की पुढे त्याचं काम वाढवायला नुसतं सॉफ्टवेअर बदलावं लागतं, रस्ता खणावा लागत नाही आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी प्रभागात 'स्मार्ट' खांब उभे राहू लागले, तर नगरसेवकाला विचारा, यात मायक्रोफोन आहे का? असेल तर त्यातून नेमकं काय बाहेर जातं, कुणाकडे जातं, किती दिवस राहतं? उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात निविदेची प्रत मागवा. आणि त्याच नगरसेवकाला हेही विचारा, की महापालिका दिव्यांग कल्याणासाठी जो निधी बाजूला ठेवते, त्यातून वॉर्डातल्या कर्णबधिर माणसांच्या घरी बेलला दिवा जोडून द्यायला काय हरकत आहे? त्यासाठी कुठल्याही संशोधनाची वाट पाहायची गरज नाही, वायरमन गल्लीतच आहे.